मदत हवी आहे : डिलीट केलेल्या फाइली हार्ड डिस्कवरून कायमच्या कशा पुसायच्या?

धागाकर्ता
विंडोज १०, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, सी आणि डी असे दोन भाग. डीवरची स्कॅन केलेली कागदपत्रं शिफ्ट-डिलीट केली, तरी रिकुव्हा (डिलीट केलेल्या फाइली परत मिळवणारा प्रोग्रॅम) चालवलं की बहुतेक नावं दिसतात आणि काही फाइली जशाच्या तशा उघडतात. डीवर बाकीचा डेटा आहे, त्यामुळे फॉर्मॅट नको. फक्त पुसलेलंच कायमचं कसं घालवायचं? आणि ३५ वेळा पुसावं लागतं म्हणतात, ते खरं का?

सेक्टर शून्य
डिलीट केल्यावर विंडोज मजकुराला हातच लावत नाही. एनटीएफएसच्या (विंडोज डिस्कवर फाइली ज्या पद्धतीने मांडतं तिच्या) मुख्य यादीत, म्हणजे एमएफटीत, त्या फाइलच्या नोंदीवर 'वापरात नाही' अशी खूण होते आणि तिने अडवलेली जागा मोकळी धरली जाते. तिथे दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तसाच पडून असतो. म्हणजे तुम्हाला मोकळी जागा वरून लिहून भरायची आहे.

पण त्याआधी प्रती शोधा. बहुतेकांचं इथेच चुकतं. डीवर सिस्टिम प्रोटेक्शन चालू असेल तर शॅडो कॉपीत, म्हणजे विंडोजने आपोआप ठेवलेल्या आधीच्या स्थितीच्या प्रतीत, जुन्या फाइली असू शकतात, आणि ती जागा 'मोकळी' नसल्यामुळे पुसणारा प्रोग्रॅम तिला स्पर्शही करत नाही. आधी 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट शॅडोज' चालवून बघा. काही सापडलं तर 'व्हीएसएसॲडमिन डिलीट शॅडोज /फॉर=डी: /ऑल'. (कमांड अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.) त्या भागाचे रिस्टोअर पॉइंट यात जातात, हे लक्षात ठेवा. फाइल हिस्टरी, क्लाउडची कचरापेटी आणि सीवरच्या टेम्प फोल्डरमधल्या प्रतीही काढा. पीडीएफ ईमेलमधून उघडली असेल तर तिची एक प्रत टेम्पमध्ये असू शकते.

मग उघडे प्रोग्रॅम बंद करा, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि द्या: सायफर /डब्ल्यू:डी:

ही कमांड विंडोजमध्येच असते. मोकळ्या जागेवर ती आधी शून्यं लिहिते, मग एफएफ (सगळे बिट १), मग यादृच्छिक आकडे. असलेल्या फाइलींना धक्का लागत नाही. डब्ल्यूपुढे एखाद्या फोल्डरचा पत्ता दिला तरी त्या अख्ख्या भागाचीच मोकळी जागा पुसली जाते, तेव्हा 'एवढंच फोल्डर पुसतो' असं समजू नका.

वेळेचा हिशेब आधीच करा. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने १ टीबी एकदा लिहायला १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात. इथे तीन फेऱ्या आहेत. तुमची मोकळी जागा किती आहे त्या प्रमाणात धरा, लॅपटॉप चार्जरला लावा आणि स्लीप बंद ठेवा. मधेच थांबवलं तर डीच्या मुळाशी 'ईएफएसटीएमपीडब्ल्यूपी' नावाचं फोल्डर राहतं आणि ड्राइव्ह भरल्यासारखा दिसतो. ते खुशाल डिलीट करा.

३५ फेऱ्यांचं म्हणाल तर ती गटमन पद्धत १९९६ची, तेव्हाच्या डिस्कच्या एन्कोडिंगसाठी आखलेली. आजच्या फिरत्या डिस्कला एक पूर्ण फेरी पुरते. ३५ फेऱ्यांनी फक्त डिस्क झिजते.

धागाकर्ता
धन्यवाद. सायफर पूर्ण झालं. रिकुव्हात नावं अजूनही दिसतात, पण फाइली उघडत नाहीत. काम अर्धवट राहिलं का?

टर्मिनल
नाही, मजकूर गेला. नावं एमएफटीच्या जुन्या नोंदींत असतात, ती वेगळी गोष्ट. त्यातली एखादी फाइल रिकुव्हातून दुसऱ्या ड्राइव्हवर काढा आणि हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडा. निरर्थक बाइट दिसले की झालं. फोटोरेक हा फाइली परत मिळवणारा दुसरा प्रोग्रॅमही चालवून बघा. ते नावांकडे न बघता फाइलीच्या सुरुवातीच्या खुणा शोधतं, त्यामुळे ही चाचणी जास्त कडक. मात्र ज्या फाइली तुम्ही ठेवल्या आहेत त्याही त्यात निघू शकतात, तेव्हा घाबरू नका.

एक फट राहते. काहीशे बाइटच्या चिमुकल्या टेक्स्ट फाइली एमएफटीच्या नोंदीतच साठवल्या जातात, मोकळ्या जागेत नाही. पासवर्ड लिहिलेली नोटपॅडची फाइल हे त्याचं नेहमीचं उदाहरण. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं एसडिलीट वापरा: एसडिलीट -सी डी: असं दिलं की ते मोकळ्या जागेबरोबर एमएफटीतल्या रिकाम्या नोंदीही भरून काढतं. तरी मोकळ्या जागेतली जुनी नावं तेही पुसत नाही. नावंच गोपनीय असतील तर डेटा दुसरीकडे हलवून पूर्ण फॉर्मॅट करा, 'क्विक'वरची खूण काढून. व्हिस्टापासून पूर्ण फॉर्मॅट सगळीकडे शून्यं लिहितो, क्विक लिहीत नाही.

वाचक
हेच एसएसडीवर चालेल का?

सेक्टर शून्य
नको. एसएसडीचा कंट्रोलर झीज सारखी वाटण्यासाठी प्रत्येक वेळी वेगळ्याच पेशींत लिहितो, शिवाय काही राखीव जागा विंडोजला दिसतच नाही. वरून लिहून जुन्या पेशीपर्यंत पोचण्याची खात्री नसते आणि लेखनाचं आयुष्य फुकट जातं. तिथे ट्रिम (कुठली जागा मोकळी झाली ते विंडोज एसएसडीला कळवतं ती सोय) चालू आहे का ते बघा: 'एफएसयूटिल बिहेव्हिअर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय'. उत्तर ० आलं तर चालू. मग 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज'मधून एकदा ऑप्टिमाइझ करा. यूएसबी केसमधल्या एसएसडीपर्यंत ट्रिम कित्येकदा पोचतच नाही, तेवढं तपासा. अख्खा ड्राइव्ह द्यायचा असेल तर बायोसमधून किंवा निर्मात्याच्या प्रोग्रॅममधून सिक्युअर इरेज, म्हणजे ड्राइव्हने स्वतःच सगळं पुसायची आज्ञा, द्या.

टर्मिनल
फिरती डिस्क पूर्ण पुसायची असेल तर डिस्कपार्ट या विंडोजमधल्याच कमांड-प्रोग्रॅममध्ये 'क्लीन ऑल'. नुसतं 'क्लीन' फक्त विभागणीची माहिती काढतं. 'सिलेक्ट डिस्क' देण्याआधी 'लिस्ट डिस्क'मधला आकार दोनदा वाचा, कारण पुढे ते 'नक्की का?' असं विचारत नाही. आणि स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) रिअलोकेटेड सेक्टरचा आकडा शून्यापेक्षा जास्त असेल, तर बाद झालेल्या त्या सेक्टरांवर असे वरून लिहिणारे प्रोग्रॅम लिहू शकत नाहीत. अशी डिस्क फारच संवेदनशील डेटाची असेल तर भोक पाडूनच टाका.