'हाउंड डॉग' एल्व्हिसने ढापलं का?

रेकॉर्डवेडा: काल 'हाउंड डॉग' या गाण्याच्या दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ ऐकल्या. आधी कृष्णवर्णीय अमेरिकी गायिका बिग मामा थॉर्नटनची (१९५३), मग गोऱ्या एल्व्हिस प्रेस्लीची (१९५६). बाई गुरगुरतात. फुकट्या पुरुषाला दारातून हाकलताहेत, हे इंग्रजी न कळणाऱ्यालाही कळेल. शेवटी तर वादक चक्क भुंकतात! एल्व्हिसकडे तो पुरुष गायब, नुसता ससा न पकडणारा कुत्रा उरलाय. बाईंचं गाणं आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत) यादीत ७ आठवडे पहिलं होतं, तरी हातात पडले ५०० डॉलर, असं त्याच सांगायच्या. माझ्या मते सरळ लूट.

खवचट खंडू: लूट कोणाची? गाणं बाईंचं नव्हतंच. लिहिलं लीबर आणि स्टोलर या १९ वर्षांच्या दोन गोऱ्या पोरांनी. बाईंची रेकॉर्ड काढणाऱ्या पीकॉक कंपनीने त्यांना दिलेला १,२०० डॉलरचा चेक वटला नाही म्हणतात. खरे पैसे दिसले ते एल्व्हिसमुळे. शिवाय त्याने उचललं ते लास वेगासमध्ये ऐकलेल्या फ्रेडी बेलच्या बँडचं. सशाची ओळही बेलचीच.

रेकॉर्डवेडा: म्हणजे माल दोन हातांतून फिरला की पांढरा होतो? पोरांनी लिहिलं ते बाईंना बघून, बाईंसाठी.

खवचट खंडू: आणि बाई ते आधी गुळगुळीत गात होत्या! कसं गुरगुरायचं ते लीबरने गाऊन दाखवलं.

रेकॉर्डवेडा: हे लीबरचं म्हणणं. मधलं बोलणं, आरोळ्या आपल्याच, असं बाई म्हणायच्या.

मध्येच बोलतो: एल्व्हिस काही आयतोबा नव्हता हो. १ जुलै १९५६ ला टीव्हीवाल्यांनी त्याला टेलकोट चढवून खऱ्याखुऱ्या बॅसेट हाउंड जातीच्या कुत्र्यासमोर हे गाणं गायला लावलं. बिचारा! दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्याने याच गाण्याचे ३१ टेक (रेकॉर्डिंगचे प्रयत्न) दिले. त्याच महिन्यात स्टोलर अँड्रिया डोरिया जहाज बुडताना वाचला आणि धक्क्यावर उतरतो तोच लीबरने बातमी दिली, 'हाउंड डॉग' हिट झालंय!

खवचट खंडू: तेच सांगतोय. लिहिणाऱ्याला रॉयल्टी, गाणाऱ्याला ठरलेले पैसे. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं तर गायकाला आजही दमडी मिळत नाही. भांडायचं तर कायद्याशी भांडा.

रेकॉर्डवेडा: बरं, चोर हा शब्द मागे घेतो. पण खंडूशेठ, खरं सांगा, ते भुंकणं ऐकलंय का तुम्ही?

खवचट खंडू: ...आज रात्री ऐकतो.