मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये स्वस्त आणि चांगलं कुठे खावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन न्यूयॉर्कला जातेय. चायनाटाउनमध्ये एक दुपार आणि एक संध्याकाळ काढायची आहे. माणशी २० डॉलरच्या आत पोटभर जेवता येईल अशी हॉटेलं सुचवाल का? चिनीच हवं असं नाही, व्हिएतनामी किंवा मलेशियन असलं तरी आनंदच.

खरी काळजी बाबांच्या खाण्याची आहे. त्यांना चिकन आणि मासे चालतात, पण बीफ, पोर्क अजिबात नाही. मागे मी मैत्रिणीबरोबर गेले होते, तेव्हा एका ठिकाणी भाजी म्हणून मागवलेल्या वांग्यांत पोर्कच्या खिम्याचे बारीक कण निघाले. मसालेदार रस्सा, वांगी अगदी लोण्यासारखी मऊ, पण ताट तसंच ठेवून उठले. बाबांच्या बाबतीत असं व्हायला नको. सूपच्या पाण्यातही हाडं उकळलेली असतात, ते कसं विचारायचं? कोणी चिनीत नेमकं वाक्य लिहून दिलंत तर मोबाईलवर दाखवीन.

डॉयर्स स्ट्रीटवरचं १९२० पासूनचं नॉम वा टी पार्लर ऐकून आहे. डिम समसाठी (वाफवलेले वगैरे छोटे-छोटे चिनी पदार्थ) तिथेच जावं, की मॉट स्ट्रीटवर आणखी चांगलं काही आहे? ईस्ट ब्रॉडवेकडे फुजियानी (चीनच्या किनाऱ्यावरच्या फुजियान प्रांतातल्या) लोकांची वस्ती, म्हणजे मासे तिकडे चांगले मिळत असतील ना?

आणि हो, आईचे गुडघे दुखतात. कॅनल स्ट्रीट स्टेशनपासून फार चालावं लागणार नाही आणि जिना नसेल असं ठिकाण असेल तर आवर्जून सांगा.