मदत हवी आहे: रेकॉर्डच्या शेवटी ॲसिड हाउसचा आवाज फाटतोय
मंडळी, एका छोट्या स्वतंत्र लेबलची ॲसिड हाउसची (इलेक्ट्रॉनिक डान्स संगीताचा एक प्रकार) नवी बारा इंची रेकॉर्ड घेतली. एका बाजूला दोन ट्रॅक, मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगावर. पहिला एकदम कडक. रोलंड टीबी-३०३ या बेस सिंथेसायझरचा तो चिरका, पिळवटून निघणारा आवाज अंगावर येतो. दुसरा मात्र मधल्या कागदाच्या जवळ जाईल तसा फाटत जातो, हाय-हॅट (ड्रमसोबतची झांज) तर नुसती फसफसते. (ॲसिडमध्ये थोडी फाटाफाट मुद्दामच असते, मान्य. पण सोबतच्या डिजिटल फाइलमध्ये हाच ट्रॅक स्वच्छ आहे.)

बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंमी खाच सरकते, अगदी आत जेमतेम २०. तेवढाच आवाज कमी जागेत बसवलेला, त्यामुळे थोडं बिघडणारच. पण इतकं?

सुई गोल टोकाची, डीजेवाली. स्वच्छ आहे, रेकॉर्डवर पडणारं तिचं वजनही कंपनीने सांगितलं तेवढंच. ४५ वर कापलेल्या टेक्नोच्या रेकॉर्ड शेवटपर्यंत नीट वाजतात, म्हणून दोष प्रेसिंगचा (रेकॉर्ड छापण्याचा) की माझ्या सेटअपचा, ठरत नाहीये. आधी प्रोट्रॅक्टरने (कोन जुळवायची पट्टी) कार्ट्रिजचा (सुई बसवलेला भाग) कोन तपासू, की सरळ इलिप्टिकल (लंबगोल टोकाची) सुई घेऊ? लेबलकडे बदली प्रत मागून कुणाला फायदा झालाय का? प्रती मोजक्याच निघतात, म्हणून लवकर सांगा.