स्वतः व्हेप कॉइल गुंडाळायला शिकायचे आहे. पहिली कॉइल बरोबर आली आहे का?

मुलुंडकर_पुन्हा

नमस्कार. नोकरीनिमित्त मी तीन वर्षे इंग्लंडमध्ये होतो आणि गेल्या गणपतीच्या सुमारास कायमचा मुलुंडला परत आलो. तिकडे सिगारेट सोडण्यासाठी मी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, वापरू लागलो. तिच्यातली कॉइल म्हणजे तारेचे वेटोळे; ते तापले की कापसात मुरलेल्या द्रवाची वाफ होते. तयार कॉइल दुकानात मिळत असल्यामुळे तिच्या आत काय असते याचा विचार करण्याची वेळ कधी आली नाही. मात्र माझा एक सहकारी दर रविवारी टेबलावर वर्तमानपत्र अंथरून स्वतःच्या कॉइल स्वतः गुंडाळत असे, आणि वीतभर तार, एक स्क्रू ड्रायव्हर आणि चिमूटभर कापूस एवढ्यावर त्याचे काम कसे भागते याचे कुतूहल मला तेव्हापासून आहे. येताना मी माझे उपकरण तिथेच ठेवून आलो. आता ते पुन्हा मिळवावे आणि कॉइल घरीच कराव्यात, असा विचार आहे.

सराव म्हणून लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, २६ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप) हीटरची तार आणली आणि ३ मिलिमीटरच्या ड्रिल बिटावर तिचे सहा वेढे घेतले. एका परदेशी संकेतस्थळावरील गणकयंत्रात २६ गेज, कँथल (तारेचा मिश्रधातू), ३ मिलिमीटर आणि सहा वेढे असे भरल्यावर रेझिस्टन्सचे, म्हणजे तार विजेला करते त्या अडथळ्याचे, उत्तर ०.८ ओहम आले. माझ्या मल्टिमीटरवरही ०.८ आले. म्हणजे पहिल्याच प्रयत्नात जमले, असे समजू का? दुसरे असे की, एका मित्राने जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले चार सेल दिले आहेत. ते यासाठी चालतील का?

कलम_आणि_शाई

आपल्या वेढ्यांविषयी जाणकार सांगतीलच, परंतु त्याआधीचा प्रश्न कायद्याचा आहे आणि तो वगळून पुढे जाता येणार नाही. भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी संसदेने ई-सिगारेट प्रतिबंधक कायदा केला. त्याच्या चौथ्या कलमानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. ही बंदी पूर्ण वस्तूपुरती नसून तिच्या कोणत्याही भागालाही लागू आहे, हे त्याच कलमात लिहिलेले आहे. उत्पादनाच्या व्याख्येत नुसती जुळणीसुद्धा येते. द्रवात निकोटीन नाही, केवळ सुवास आहे, ही सबबही चालत नाही, कारण व्याख्येतच निकोटीन असो वा नसो असे म्हटले आहे.

कलमात ‘वापर’ हा शब्द नाही, असा युक्तिवाद कट्ट्यावर नेहमी ऐकू येतो. तो शब्द तिथे नाही हे खरे; पण आपण विचारत आहात ते वापराबद्दल नव्हे, तर बनवण्याबद्दल, आणि ‘उपकरण पुन्हा मिळवावे’ असे जे लिहिले आहे त्याचा अर्थ बहुधा कोणाकडून तरी मागवणे असा होतो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करण्यासाठी वेगळे कलम आहे. मुंबईत पानाच्या टपरीमागे ही उपकरणे सर्रास मिळतात, हे मलाही दिसते. पण एखादी वस्तू उघड विकली जाते म्हणून ती कायदेशीर ठरत नाही, नाहीतर या शहरात बेकायदेशीर असे फारच थोडे उरले असते.

जुना_वायरमन_लालबाग

मी लालबागच्या एका गिरणीच्या विद्युत खात्यात होतो आणि १९८२ च्या संपानंतर मोटर रिवाइंडिंग व हीटर दुरुस्ती यांवर संसार केला. व्हेप मी ओढलेली नाही आणि ओढणारही नाही. तार मात्र मला कळते, म्हणून लिहितो.

मुलुंडकर, तुमचे ०.८ हे उत्तर चुकीचे आहे. नुसते चुकीचे नाही, तर तीन वेगवेगळ्या चुका एकमेकींच्या अंगावर पडून योगायोगाने ते बरोबर दिसत आहे, आणि अशी चूक मी सर्वांत धोक्याची मानतो, कारण ती माणसाला निश्चिंत करते.

पहिली चूक गेजची. परदेशी गणकयंत्र अमेरिकन गेज धरते; त्यात २६ गेज म्हणजे सुमारे ०.४०५ मिलिमीटर जाडीची तार. लोहार चाळीत जे २६ गेज मिळते ते ब्रिटिश स्टँडर्ड गेज, म्हणजे ०.४५७ मिलिमीटर. आकडा तोच असला तरी तार जाड असते. जाडी एवढीशी वाढली तरी छेदाचे क्षेत्रफळ सव्वापटीपेक्षा जास्त होते आणि रेझिस्टन्स त्याच प्रमाणात उतरतो. दुकानदाराने तुम्हाला फसवलेले नाही, त्याने आपल्या मापाने बरोबर वस्तू दिली. मायक्रोमीटर असेल तर तार मोजून पाहा. नसेल तर पेन्सिलीवर तीस वेढे एकमेकांना चिकटवून घ्या, पट्टीने लांबी मोजा आणि तिसाने भागा.

दुसरी चूक धातूची. हीटरची तार म्हणून आपल्याकडे सहसा नायक्रोम देतात. निकेल आणि क्रोमियम यांच्या या मिश्रधातूचे पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये मिळाले. कँथल निराळे: त्यात लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम असते, आणि ते स्वीडनमधले, १९३० च्या दशकातले. एकाच जाडीची आणि लांबीची तार घेतली तर कँथलचा रेझिस्टन्स ८० टक्के निकेलच्या नायक्रोमपेक्षा साधारण तीस टक्क्यांनी जास्त भरतो. ओळखायचे कसे? तारेजवळ लोहचुंबक न्या. कँथल चुंबकाला चिकटते, तसले नायक्रोम चिकटत नाही. आमच्या दुकानात गल्ल्याला एक चुंबक कायम चिकटवलेला असे, तो याच कामासाठी.

आता हिशेब करू. तीन मिलिमीटरच्या बिटावर जाड तारेचा एक वेढा सुमारे ११ मिलिमीटरचा होतो. सहा वेढे आणि दोन्ही बाजूंची टोके धरून साधारण ७४ मिलिमीटर तार लागली. या जाडीच्या नायक्रोमचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे ६.६ ओहम असतो, म्हणजे तुमची कॉइल ०.४९ ओहमच्या आसपास हवी. मग मीटरने ०.८ का दाखवले? ती तिसरी चूक: मल्टिमीटरच्या लाल-काळ्या वायरींना स्वतःचा रेझिस्टन्स असतो, साध्या मीटरमध्ये ०.२ ते ०.५ ओहम इतका. दोन्ही टोके एकमेकांना घट्ट टेकवा, जो आकडा येईल तो आधी लिहून घ्या आणि प्रत्येक मोजणीतून तो वजा करा. शंभर ओहमच्या मोजणीत ही भानगड दिसतसुद्धा नाही. अर्ध्या ओहमच्या मोजणीत ती अर्धे उत्तर खाते.

याचा परिणाम काय होतो तो पाहा. भरलेल्या लिथियम सेलचे व्होल्टेज ४.२ असते. कॉइल खरोखर ०.८२ ओहमची असती तर तिच्यातून सुमारे ५.१ अँपिअर करंट गेला असता आणि साडेएकवीस वॅट उष्णता निघाली असती. ०.४९ ओहमला तोच सेल साडेआठ अँपिअर देईल आणि वॅट छत्तीस होतील. लॅपटॉपमधले सेल तासाभरात हळूहळू रिकामे होण्यासाठी बनवलेले असतात. पाच अँपिअरच्या आसपास त्यांची मर्यादा संपते, शिवाय ते जुने आहेत आणि त्यांनी आतापर्यंत काय सोसले ते कोणालाच माहीत नाही. तेव्हा ते चालणार नाहीत. मित्राला परत करा किंवा ई-कचऱ्यात द्या, आणि तोपर्यंत किल्ल्या किंवा सुटी नाणी असलेल्या खिशात अजिबात ठेवू नका. अशा सेलचे वरचे प्लॅस्टिक वेष्टन फाटले की उघडे पडणारे संपूर्ण डबडे निगेटिव्ह असते आणि पॉझिटिव्ह टोक त्याच्या काठापासून मिलिमीटरभरच दूर असते. बाजारात ‘९९०० एमएएच’ छापलेले सेल मिळतात. अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट मिलिमीटर उंच डबीत एवढा साठा मावतच नाही, म्हणजे छापणाऱ्याने बाकी काय काय खोटे छापले असेल ते तुम्हीच ठरवा.

कायद्याचे वर सांगून झाले आहे. माझे म्हणणे इतकेच की, तुम्हाला तारेचे कुतूहल असेल तर तार शिका, त्यासाठी व्हेप लागत नाही. एक छोटा बेंच पॉवर सप्लाय घ्या, ज्यात करंटची मर्यादा बटणाने ठरवता येते. त्यावर रिबिनीची टोके वितळवून बंद करणारी गरम तार किंवा थर्माकोल कापण्याचे धनुष्य तयार करता येईल. वेढे, गेज, रेझिस्टन्स, सगळे त्यातही आहे आणि फुप्फुसाचा संबंध नाही. घरच्या २३० व्होल्टच्या सिगडीची कॉइल उघडून प्रयोग मात्र करू नका.

लेस्टरहून_वाचक

मूळचा गिरगावचा, आता इंग्लंडमध्ये. इथे अठरा वर्षांवरील व्यक्तीने व्हेप वापरणे आणि स्वतःची कॉइल गुंडाळणे कायदेशीर आहे. १ जून २०२५ पासून बंदी आली ती एकदा वापरून फेकण्याच्या उपकरणांवर. मी चार वर्षे हे काम केले, म्हणून काकांच्या हिशेबाला इथल्या व्यवहाराची जोड देतो. हे सर्व इथले आहे, मुंबईत करून पाहण्यासाठी नव्हे.

इथे नवशिक्याला सर्वप्रथम सांगितले जाते की, उपकरण चिप असलेलेच घ्यावे. ते बसवलेल्या कॉइलचा रेझिस्टन्स स्वतः मोजते आणि शॉर्ट आढळल्यास करंट सोडतच नाही. चिप नसलेल्या नुसत्या धातूच्या नळीत बटण दाबले की सेल आणि तार यांच्यामध्ये कोणीही नसते, त्यामुळे ती नळी नवशिक्याच्या हातात देऊ नये असे बहुतेक जाणते सांगतात. कॉइल बसवल्यावर कापूस न घालता अगदी कमी वॅटवर तिला क्षणभर झटके देऊन पाहतात. तिची लाली मधून सुरू होऊन दोन्ही कडांकडे सारखी पसरली पाहिजे. एखादाच वेढा आधी पेटला तर करंट बंद करून, तार निवल्यावर, सिरॅमिकच्या चिमट्याने वेढे हलकेच दाबून सारखे करतात. टोके कापताना उरलेला बारीक काटा खालच्या धातूच्या तळाला टेकला तर शॉर्ट होतो. माझी पहिली तीन कॉइल त्यामुळेच फुकट गेली.

टायटॅनियमची तार अशी लाल करायची नसते, कारण तापल्यावर तिच्यावर ऑक्साइडची भुकटी धरते आणि ती छातीत जाऊ नये. एकूणच कोणती तार निरुपद्रवी असे मी म्हणणार नाही. या उपकरणांच्या वाफेत निकेल आणि क्रोमियमचे अंश सापडलेले आहेत.

खरी कला वातीची, म्हणजे कापसाची. आजी निरांजनाची फुलवात वळताना जो हात लावत असे तोच इथे लागतो. कापूस घट्ट कोंबला तर द्रव वर चढत नाही आणि कोरडा कापूस जळून घशाला असा चटका बसतो की माणूस आठवडाभर नाव काढत नाही. सैल ठेवला तर द्रव गळतो. कॉइलमधून ओढताना किंचित अडकेल पण वेढे सरकणार नाहीत, एवढाच तो जाड असावा लागतो, आणि हे वाचून येत नाही.

मुलुंडकर, एक विनंती. पुढे कधी इकडे येऊन गेलात तरी परतताना उपकरण किंवा त्याचे भाग सामानात आणू नका, कारण आयातही त्याच कलमात आहे. आणि निकोटीनची ओढ पुन्हा सुरू झाली असेल, तर तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे; तिचे एक केंद्र परळच्या टाटा रुग्णालयातच चालते.

मुलुंडकर_पुन्हा

सर्वांचे मनापासून आभार. मोकळेपणाने सांगायचे तर कायद्यात ‘भाग’ हा शब्द आहे याची मला कल्पना नव्हती. पूर्ण उपकरण विकले तरच गुन्हा, असे मी गृहीत धरून चाललो होतो. उपकरण मागवण्याचा बेत मी सोडला आहे. ओढ अजून आहे, ती नाकारत नाही. दिलेल्या क्रमांकावर उद्या फोन करतो.

काका, काल रात्री मीटरची टोके एकमेकांना टेकवली तर ०.३ आले. चुंबक तारेला चिकटला नाही. सेल मित्राला परत दिले. माझी आई दिवाळीसाठी सॅटिनच्या रिबिनीची तोरणे करते आणि प्रत्येक टोक मेणबत्तीवर धरून बंद करते, त्यात दर वर्षी दोन-चार रिबिनी काळ्या पडतात. तुम्ही म्हणता ती गरम तार तिच्यासाठी करून पाहावी असे वाटते. पण ०.८ मधून ०.३ वजा केल्यावर उरणाऱ्या ०.५ वर तरी किती विश्वास ठेवावा? माझ्या मीटरचा शेवटचा आकडा सतत हलत असतो.

जुना_वायरमन_लालबाग

शंका रास्त आहे. एवढ्याशा तुकड्यावर साध्या मीटरचा भरवसा धरू नये. रिळावरून बरोबर एक मीटर तार सोडा, फरशीवर सरळ ताणा आणि तिची मोजणी घ्या. सातच्या आसपास आकडा येईल, त्यातून ०.३ वजा करा. आता मीटर थोडा हलला तरी बिघडत नाही, कारण चूक तेवढीच राहिली आणि मोजायची वस्तू मोठी झाली. त्यावरून सेंटिमीटरचा हिशेब काढा आणि कॉइलचे उत्तर मीटरवर नाही, कागदावर मिळवा.

रिबिनीसाठी कॉइल नकोच, दहा सेंटिमीटर सरळ तार पुरे. ती दोन पितळी स्क्रूंमध्ये ताणून बसवा. खाली लाकूड चालेल, पण तार लाकडापासून दोन बोटे उंच ठेवा. तापल्यावर तार लांबते आणि सैल पडते, म्हणून एका टोकाला छोटी स्प्रिंग लावा. सप्लायचा करंट शून्यापासून हळूहळू वाढवत रिबिनीच्या वाया गेलेल्या तुकड्यावर पाहत राहा, आणि तार लाल दिसण्याच्या बरेच आधी थांबा. पॉलिस्टर अडीचशे अंशांच्या आसपास वितळते, लाल तारेवर ते जळेल आणि मेणबत्तीचीच गत होईल. खिडकी उघडी ठेवा. आईंना सांगा की तार लाल नसली म्हणजे गार आहे असे नाही.