चाहता-विकीवर एकाच गटाची तीन नावं, कोणतं धरायचं?

प्रश्न: आमच्या विकीवर (एका कथेबद्दल चाहत्यांनी मिळून लिहिलेल्या ऑनलाइन कोशावर) कथेतल्या एकाच गटाला कुठे 'राखपंथ', कुठे 'राखेचा संघ', तर कुठे 'राखवाले' म्हटलंय. लेख तीन, वर्गही (लेखांच्या विषयवार याद्याही) तीन. आणि कथेच्या मध्यावर गट स्वतःचं नाव बदलतो, ते वेगळंच!

उत्तर १: आधी प्राधान्यक्रम लिहून ठेवा. निवेदक वापरतो ते नाव पहिलं, गटातले लोक स्वतःला म्हणवतात ते दुसरं, शत्रूंनी ठेवलेलं शेवटी. 'राखवाले' हिणवण्यासाठी असेल तर लेखाच्या पहिल्या परिच्छेदात नोंदवा, शीर्षकात नको. तिन्ही लेखांतला मजकूर एकात आणा आणि उरलेली दोन पानं पुनर्निर्देशित करा, म्हणजे ती उघडणारा आपोआप मुख्य लेखावर जाईल. ती उडवू नका, बाहेरून आलेले दुवे तुटतात.

उत्तर २: खरी मेख वर्गांत आहे. मीडियाविकीवर (विकी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) वर्गाचं पान नव्या नावाकडे हलवलं तरी आतले लेख जुन्याच वर्गात राहतात. प्रत्येक लेखातली `[[वर्ग:राखवाले]]` ही ओळ बदलावी लागते. वर्ग माहितीचौकटीच्या साच्यातून (अनेक लेखांत वापरल्या जाणाऱ्या सामाईक नमुन्यातून) येत असेल तर साच्यात एकदाच बदला, सुटलात. शेवटी दुहेरी पुनर्निर्देशनांची (एक पुनर्निर्देशित पान दुसऱ्या पुनर्निर्देशित पानाकडे नेतं, त्यांची) यादी तपासा: पुनर्निर्देशनाची एकच पायरी ओलांडली जाते, दुसरीला वाचक अडकतो.

उत्तर ३: नाव बदलण्याबद्दल: शीर्षक सर्वांत जास्त काळ चाललेल्या नावाचं, पण प्रसंग सांगताना त्या वेळचंच नाव. `[[राखपंथ|राखेचा संघ]]` असा दुवा द्या, म्हणजे दिसेल त्या वेळचं नाव, उघडेल मुख्य लेख. फुटीर गटाला स्वतंत्र लेख तेव्हाच, जेव्हा त्याला वेगळा म्होरक्या असेल. नाहीतर अर्धवट लेखांचं नुसतं पेव फुटतं.