खरं बोलला तो बुडाला : कॉलेज स्पोर्ट्समधली कॉपी, शिक्षा आणि आपण चाहते

परवा आमच्याकडे पॉटलकला हा विषय निघाला आणि जेवणं गार झाली, म्हणून हा धागा.

अमेरिकेत एमएस करायला आलेल्यांना हमखास एक रोग जडतो, ज्या गावात शिकलो तिथल्या टीमचा. क्रिकेटवर पोसलेला माणूस दोन वर्षांत शनिवारी सकाळी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये कणसं भाजत उभा राहतो. आणि मग एक दिवस बातमी येते की खेळाडूंचा होमवर्क दुसऱ्याच कुणी केला होता.

मी मिझूरीचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये आमच्या एका ट्यूटरने आपणहून युनिव्हर्सिटीला सांगितलं की मी खेळाडूंचं काम करून देत होते. चौकशीत १२ खेळाडू निघाले. युनिव्हर्सिटीने काही लपवलं नाही, कॉलेज स्पोर्ट्स चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेला सगळं दिलं. ३१ जानेवारी २०१९ ला निकाल आला. बाहेर पोलर व्होर्टेक्सची थंडी, आणि फोनवर बातमी की फुटबॉल, बेसबॉल, सॉफ्टबॉल तिन्ही टीमना एक वर्ष पोस्टसीझन, म्हणजे सीझननंतरचे मोठे सामने, बंद. त्या १२ जणांशी काडीचा संबंध नसलेल्या सॉफ्टबॉलच्या पोरींचंसुद्धा वर्ष गेलं.

आम्ही अपील केलं. दहा महिने वाट बघितल्यावर २६ नोव्हेंबरला ते फेटाळलं. तीन दिवसांनी आम्ही आर्कन्सॉला २४-१४ हरवलं. तो सहावा विजय. सहा विजय झाले की बोल गेम, म्हणजे सीझननंतरचा मानाचा सामना, खेळता येतो. टीव्हीसमोर आम्ही चौघं टाळ्या वाजवायला उठलो आणि तसेच खाली बसलो. दुसऱ्या दिवशी कोचला काढलं.

शिक्षा झाली याचा राग नाही. राग याचा की त्याच एनसीएएने त्याआधी पंधरा महिने नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीला नावापुरत्या कोर्सेसच्या प्रकरणात सोडून दिलं होतं. आमच्या निकालपत्रातच फरक समजावलाय: मिझूरीने चूक मान्य केली, नॉर्थ कॅरोलायना आपल्या कोर्सेसच्या पाठीशी उभी राहिली. घ्या!

तुमची टीम भरडली गेली असेल तर लिहा, सुटली असेल तरी लिहा. टीए (टीचिंग असिस्टंट), ट्यूटर, पालक, सगळे या. पेपरात गाजलेल्या प्रकरणांची नावं घ्या, पण स्वतःच्या डिपार्टमेंटमधलं सांगत असाल तर युनिव्हर्सिटीचं नाव नको.

लालभडक

आलोच. मी एनसी स्टेटचा, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाच्या शेजारच्या प्रतिस्पर्धी युनिव्हर्सिटीचा. रॉलीत राहतो, नॉर्थ कॅरोलायनाचं गाव चॅपल हिल इथून अर्ध्या तासावर. बायको तिथली. गॅरेजमध्ये एक गाडी लाल स्टिकरची, एक फिकट निळ्या.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. चॅपल हिलला १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं आफ्रिकन स्टडीज विभागात कागदी कोर्स चालले. वर्ग भरायचा नाही, प्राध्यापक दिसायचा नाही, शेवटी एक पेपर द्यायचा आणि तो तपासायची विभागाची सेक्रेटरी. मार्क सढळ हाताने. या प्रकरणाच्या चौकशीच्या २०१४ च्या वेनस्टीन रिपोर्टप्रमाणे असे ३,१०० विद्यार्थी, त्यात जवळजवळ निम्मे खेळाडू. १३ ऑक्टोबर २०१७ ला एनसीएएने सांगितलं की हे कोर्स सगळ्यांनाच खुले होते, म्हणजे खेळाडूंना खास सवलत दिली असं म्हणता येत नाही. बास्केटबॉलच्या २००५ आणि २००९ च्या ट्रॉफ्या जागच्या जागी.

म्हणजे एकाला दिलं तर लाच, अख्ख्या गावाला दिलं तर योजना.

एक गंमत मात्र आमच्या नावावर आहे. २०११ मध्ये त्यांच्या एका फुटबॉलपटूने स्वतःच्या शिक्षेविरुद्ध कोर्टात केस केली आणि कागदपत्रांत त्याचा स्वाहिलीचा पेपर जोडला गेला. तो जाहीर झाल्यावर आमच्या स्टेटच्या लोकांनी एकेक वाक्य शोधून तो कुठून उचललाय ते दाखवून दिलं. युनिव्हर्सिटीच्या ऑनर कोर्टाला (कॉपीची प्रकरणं तपासणाऱ्या समितीला) जे दिसलं नाही ते बियर पीत बसलेल्या चाहत्यांना दिसलं. मी त्यात नव्हतो, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीच पकडल्यासारखा फिरत होतो.

फिकटनिळी

वरच्या गृहस्थांची बायको मी नव्हे, पण त्याच रंगाची. 😊

आम्ही सुटलो हे खरं. पण सुटल्याचा आनंद झाला म्हणाल तर नाही. माझी डिग्री पब्लिक हेल्थची, रात्र रात्र जागून मिळवलेली. २०१५ मध्ये एका इंटरव्ह्यूमध्ये मॅनेजरने माझा रेझ्युमे बघून हसत विचारलं, "पण तुम्ही क्लासला जात होतात ना?" मीही हसले. घरी येऊन चहा टाकला आणि तो उतू गेला तरी बघत उभी राहिले.

त्याच वर्षी ॲक्रेडिटेशनवाल्यांनी, म्हणजे युनिव्हर्सिटीला मान्यता देणाऱ्या संस्थेने, आम्हाला वर्षभर प्रोबेशनवर टाकलं, हे कुणाच्या लक्षात नसतं. त्यांच्यासमोर युनिव्हर्सिटीने मान खाली घातली आणि एनसीएएसमोर छाती पुढे काढली. एकाच तोंडाने. मला त्याचीच जास्त लाज वाटते. आणि हे सगळं उघड बोलणाऱ्या मेरी विलिंगहॅम, खेळाडूंना वाचायला-लिहायला मदत करणाऱ्या, त्यांना नोकरी सोडावी लागली. तेव्हा त्यांना शिव्या घालणाऱ्यांत मीही होते. लिहून टाकते एकदाचं.

मॅच अजून बघते. कट्टर प्रतिस्पर्धी ड्यूकविरुद्ध असेल तर उपाससुद्धा सोडते.

बार्नकाका

मी मिनेसोटात १९८९ पासून. आमचं कोर्ट म्हणजे विल्यम्स अरीना, लोक त्याला बार्न म्हणतात, कोठार. १९९७ ला आमची बास्केटबॉल टीम फायनल फोरला, म्हणजे राष्ट्रीय टूर्नामेंटच्या शेवटच्या चार टीममध्ये, गेली. त्याआधी कधीच गेली नव्हती. ऑफिसातले स्वीडिश वंशाचे लोक, जे लिफ्टमध्ये हवामानापलीकडे बोलत नाहीत, ते मला मिठ्या मारत होते.

मग मार्च १९९९. टूर्नामेंटच्या पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी सकाळी सेंट पॉलच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी: खेळाडूंना शिकवणाऱ्या विभागातल्या एका बाईने पाच वर्षांत वीसेक खेळाडूंचे चारशेच्या वर पेपर, असाइनमेंट लिहून दिले. चौघांना बसवलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गोंझागाकडून हरलो. तोवर गोंझागा हे नाव मी ऐकलंही नव्हतं.

तेव्हा आमचा राग कुणावर? पेपरवर! आजच का छापलं म्हणून. लोकांनी पेपर बंद केले, गव्हर्नर जेसी व्हेंचुरासुद्धा पेपरवरच घसरले. मीही फोन करून वर्गणी बंद केली. पुढच्या वर्षी त्याच बातमीला पुलित्झर मिळालं. मी गुपचूप पुन्हा सुरू केली.

१९९७ ची फायनल फोर रेकॉर्डमधून काढली, बार्नमधलं बॅनर उतरवलं. कोच हॅस्किन्स पंधरा लाख डॉलर घेऊन गेले. मी मॅच टीव्हीवर बघितली होती, बायको साक्षीला आहे, पण अधिकृतरीत्या ती झालीच नाही.

सोनेरी_घुमट

काका, आमच्याकडे त्याहून विनोदी. नोत्र दाम युनिव्हर्सिटीने कॉपीचं प्रकरण स्वतः शोधलं, २०१४ मध्ये पाच खेळाडूंना बाहेर बसवलं, स्वतःच्या ऑनर कोडप्रमाणे जुने ग्रेड बदलले. ग्रेड बदलले म्हणून काही खेळाडू मागच्या तारखेने अपात्र झाले, आणि ते अपात्र म्हणून एनसीएएने २०१२ आणि २०१३ चे सगळे २१ विजय पुसले. विजय पुसले हो, पराभव नाही! २०१२ ला आम्ही बारा जिंकलो आणि शेवटची अलाबामाकडून हरलो. आता त्या वर्षाचा अधिकृत हिशोब: ०-१.

युनिव्हर्सिटीच्या अध्यक्षांनी अपील हरल्यावर माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं. मुद्दा सरळ होता: ग्रेड बदललेच नसते, तर विजय जागेवर राहिले असते. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि बायकोला वाचून दाखवलं. ती सीए आहे. म्हणाली, यात नवल काय, व्हॉलंटरी डिस्क्लोजर करणाऱ्यालाच आधी नोटीस येते.

नाव_नको

माझा अनुभव चाहत्याचा नाही. मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत मी स्टॅटिस्टिक्सची टीए होते. ऐंशी पोरांचे कोड तपासायचे. एका रात्री फुटबॉल टीममधल्या एकाचा कोड उघडला. नेब्रास्काकडच्या शेतातला मुलगा, सहा फूट चार इंच, वर्गात मला कायम 'मॅम' म्हणणारा. सतराव्या ओळीशेजारी कॉमेंट होती, रोमन लिपीत: "इथे गडबड आहे".

मी तीनदा वाचलं. मग यादी काढली. वर्गात मराठी एकच, नांदेडचा मुलगा. त्याचा कोड उघडला. सतरावी ओळ, तीच गडबड. नेब्रास्कावाल्याला ती टीप काढायची हे कळायलाही मार्ग नव्हता.

मी प्रोफेसरना सांगितलं, नियमच तो होता. नांदेडच्या मुलाने मॅचच्या दोन तिकिटांच्या बदल्यात कोड दिला होता. ऑनर कमिटीने त्याला एक सेमिस्टर सस्पेंड केलं. त्याच्यासाठी सेमिस्टर म्हणजे सेमिस्टर नसतं. आय-२० (युनिव्हर्सिटीचा प्रवेशाचा कागद) गेला, एफ-१ (स्टुडंट व्हिसा) गेला, बॅग भरून परत. फुटबॉलवाल्याला पर्यायी असाइनमेंट मिळाली, ती त्याने ॲथलेटिक सेंटरमध्ये बसून केली. त्या शनिवारी तो खेळला. रूममेटने मॅच लावली होती, मी तो दिवस कपडे धुण्यात घालवला.

दुसऱ्या कुणी टीएने ती ओळ वाचली असती तर काही कळलं नसतं. मराठी आलं म्हणून पकडलं.

लालभडक

बाप रे. यावर काय बोलणार.

ट्यूटरताई

मी तीन वर्षं खेळाडूंची ट्यूटर होते, दक्षिणेतल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीत. इथे सगळे खेळाडूंना झोडपतायत म्हणून दुसरी बाजू.

आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की खेळाडूच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, पेन हातात घ्यायचं नाही, सेंटरबाहेर भेटायचं नाही. टेबलांमधून एक माणूस फिरत असतो, आम्ही नुसतं वाक्य तर सुचवत नाही ना हे बघायला. कागदावर नियम कडक.

आणि समोर कोण? पहाटे पाचला वेट्स, दुपारी प्रॅक्टिस, रात्री आठला स्टडी हॉलमध्ये माझ्यासमोर. आठवड्याला २० तासांची मर्यादा असते म्हणे. प्रवास, ट्रेनरकडचा बर्फ, 'ऐच्छिक' सराव त्यात धरत नाहीत. दुसरं वर्ष संपताना डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण नसेल तर खेळायला अपात्र. त्यामुळे मेजर कोणतं घ्यायचं ते पोरगा ठरवत नाही, वेळापत्रक ठरवतं.

फुटबॉल टीममधला एक लाइनबॅकर होता. जिऑलॉजीचा पेपर लिहिताना पेन्सिल हातात धरूनच झोपायचा. कागदावर पेन्सिलीची लांब वाकडी रेघ जायची. जागा झाला की म्हणायचा, शेवटचा परिच्छेद तुम्हीच सांगा ना, मी फक्त लिहितो. मी नाही सांगितला. पण तासाला बारा डॉलरवर, वर्षाला काही कोटींची कमाई करणाऱ्या इमारतीत बसून, "नाही" म्हणायची अख्खी जबाबदारी माझ्यावरच का, हा प्रश्न रोज पडायचा. मिझूरीच्या ट्यूटरला कॉलेज स्पोर्ट्समध्ये काम करण्यावर दहा वर्षांच्या निर्बंधांची शिक्षा लागली. तिने चूक केली. पण अशा प्रकरणात सगळ्यात लांबलचक शिक्षा सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला होते, हे बघून ठेवा.

उगीचच

वातावरण जड झालंय म्हणून. २००१ मध्ये जॉर्जियात असिस्टंट कोचच 'बास्केटबॉल कोचिंग' हा विषय शिकवायचा. परीक्षेतला खराखुरा प्रश्न: थ्री-पॉइंट फील्ड गोलचे किती पॉइंट मिळतात? पर्याय चार. असिस्टंट कोच म्हणजे हेड कोचचे चिरंजीव. निदान तिथे २००३ मध्ये युनिव्हर्सिटीने स्वतःच टीमला टूर्नामेंटमधून काढून घेतलं.

आणि बास्केटबॉलचे कोच टारकेनियन यांचं जुनं वाक्य या धाग्यावर यायलाच हवं: एनसीएए केंटकीवर इतकी चिडलीय की आता क्लीव्हलँड स्टेटला आणखी दोन वर्षं प्रोबेशन देईल. (केंटकी बलाढ्य, क्लीव्हलँड स्टेट छोटी.)

पुणेकर_सध्यातरी

आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे ग्रेस मार्क मिळतात, त्याच्या सर्टिफिकेटांच्या कहाण्या...

धागाकर्ता

पुणेकर, त्यावर वेगळा धागा काढा, पाचशे प्रतिसाद नक्की. 😄

ट्यूटरताई, तुमचं वाचून गप्प बसलो. आमच्या ट्यूटरला मीही मनात बरंच बोललोय. 'नाव नको' यांना काय लिहावं कळत नाही.

एक राहिलं. २०२३ मध्ये टेनेसीला रिक्रूटिंगच्या भानगडीत ८० लाख डॉलर दंड झाला, पण पोस्टसीझन बंदी नाही. कारण आता एनसीएएचं धोरण असं की ज्यांचा संबंध नाही त्या खेळाडूंना शिक्षा नको. बरोबरच आहे. २०१९ मध्ये आमच्या सॉफ्टबॉलच्या पोरींना हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बार्नकाका, ९७ चं काही जपून ठेवलंय का? बॅनर गेलं, पण टीशर्ट वगैरे?

बार्नकाका

स्वेटशर्ट आहे की. पुढे मोठ्ठं 'फायनल फोर १९९७'. बाहेर घालायची लाज वाटते, टाकवत नाही. इथे जानेवारीत इडलीचं पीठ फुगत नाही, म्हणून ही रात्री पातेल्याला तो गुंडाळून ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवते. दोन्ही बाह्यांची गाठ मारून. सकाळी पीठ छान वर आलेलं असतं.