मदत हवी आहे : डिशवॉशरचा बोर्ड बदलू, की नॉबवालं जुन्या पद्धतीचं मशीन शोधू?

कुळागरवाली

नमस्कार मंडळी. आमचं घर फोंडा तालुक्यात, जुनं, चिऱ्याचं. बारा सेटिंगचं (म्हणजे बारा जणांची भांडी मावणारं) डिशवॉशर आहे, वॉरंटी केव्हाच संपली. मागच्या आठवड्यात रात्री जोरदार गडगडाट झाला, लाईट सारखी ये-जा करत होती, आणि सकाळपासून मशीनचं लक्षण काही ठीक नाही. स्विच टाकला की पाणी बाहेर फेकणारा पंप घूंऽऽ करत सुरू होतो तो थांबतच नाही. वरचे दिवे लागतात, बटणं चालतात. प्रोग्राम लावला तर पाणी आत येतानाचा आवाजही येतो, पण आलेलं पाणी तसंच मोरीत जातं. मग थोड्या वेळाने एरर.

सर्व्हिसवाला आला, पॅनेलकडे बघितलं, मागे वाकलासुद्धा नाही, आणि म्हणाला बोर्ड (मशीन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेला. साडेअकरा हजार, त्याची व्हिजिट वेगळी. नव्या बोर्डाला तीन महिन्यांची वॉरंटी. पुढच्या गडगडाटात तोही गेला तर? यावर त्याने फक्त खांदे उडवले.

आता खरा प्रश्न. म्हापशाला माझ्या आत्याकडे गल्फहून आणलेलं जुनं डिशवॉशर आहे. त्याला एकच मोठा गोल नॉब. चालू असताना तो नॉब टक् टक् करत स्वतःच पुढे सरकतो. मध्येच लाईट गेली तर तिथेच थांबतो, आली की तिथूनच पुढे. आत्याला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं तेव्हाही ती नॉबवरचा उंचवटा बोटाने चाचपून बरोबर प्रोग्राम लावायची. आमच्या काचेसारख्या गुळगुळीत पॅनेलवर तिला काहीच कळत नाही, माझ्या सासूबाईंनाही नाही.

तर :
असं मेकॅनिकल टायमरचं डिशवॉशर आज नवं मिळतं का? सेकंडहँड घ्यावं का? की बोर्डच बदलू? आणि बदललाच तर तो वाचवायला काय करू, स्टॅबिलायझर लावू का? चवथीला घर भरलेलं असतं, त्याआधी हे मार्गी लागायला हवं. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

अळमी

बोर्ड, टच, वायफाय सगळी नाटकं. जुनं तेच बरं. आमच्या घरी दोन नॉबांचा मायक्रोवेव्ह आहे, टिंग वाजतं आणि विषय संपतो. +१ तुमच्या आत्याला.

सोल्डरगन

ताई, घाईने साडेअकरा हजार देऊ नका. तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की अर्धं निदान त्यातच आहे.

पंप सतत चालू राहण्याची कारणं मुख्यतः दोन. एक, मशीनच्या तळाला एक पत्र्याची किंवा प्लास्टिकची ट्रे असते, त्यात थर्माकोलसारखा फ्लोट. कुठून गळून ट्रेत पाणी साचलं की फ्लोट वर येतो, त्याखालचा छोटा स्विच दाबला जातो, आणि स्वयंपाकघरात पूर येऊ नये म्हणून मशीन पंप चालूच ठेवतं. हे झालं असेल तर बोर्ड ठणठणीत असतो. कितीतरी बोर्ड या कारणाने उगाच बदलले गेलेत.

पण फ्लोट उचलला गेला की मशीन सहसा पाणी आत घेणं बंद करतं. तुम्ही म्हणताय पाणी येतंय आणि जातंय. म्हणून माझा संशय दुसऱ्या कारणावर. बोर्डावर पंप चालू-बंद करायला ट्रायॅक नावाचा एक नखाएवढा पार्ट असतो. विजेचा झटका बसला की तो बहुतेक वेळा शॉर्ट होतो, म्हणजे कायमचा चालू. मेंदू शाबूत, दिवे शाबूत, फक्त एक दरवाजा उघडा अडकलेला. तसं असेल तर संपूर्ण बोर्डाची गरज नाही. तो पार्ट अगदी स्वस्त असतो, मजुरीच काय ती.

तरी ट्रे आधी बघाच, फुकट आहे. प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागणार नाही. समोरची खालची पट्टी काढून टॉर्च मारा. बोर्डाला मात्र स्वतः हात लावू नका. त्यावरच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या पार्टमध्ये, प्लग काढल्यावरही काही वेळ तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. टीव्ही आणि इन्व्हर्टर एसीचे बोर्ड दुरुस्त करणारा माणूस शोधा. म्हापसा, मडगावात असे आहेत. त्याला बोर्ड सुटा नेऊन द्या, आणि काढण्याआधी सगळ्या वायरींचा फोटो.

रापणकार

मी मांद्र्याचा. नॉबवर इतकं प्रेम उतू जातंय म्हणून दोन शब्द.

मेकॅनिकल टायमर म्हणजे काय तर एक छोटी मोटर, जी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेच्या तालावर अगदी सावकाश फिरते. ती दातेरी चकत्यांचा एक गठ्ठा फिरवते. त्या चकत्यांचे उंचवटे पितळेच्या पट्ट्या दाबतात, सोडतात. एक पट्टी हीटरची, एक पंपाची, एक पाण्याच्या व्हॉल्व्हची. पाणी तापायचं असेल तर थर्मोस्टॅटचा संपर्क जुळेपर्यंत मोटर थांबते. कल्पना झकास. पण हीटरचा आठ-नऊ अँपिअरचा करंट त्या पट्टीवरून जातो, दरवेळी ठिणगी उडते, संपर्काची टोकं काळी पडतात. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात त्यावर हिरवा कळंक चढतो. आमच्या ट्विन टब वॉशिंग मशीनचा वॉश टायमर याच कळंकाने बसला.

आणि एकदा टायमर गेला की झालं. प्रत्येक मॉडेलच्या चकत्यांचे उंचवटे वेगळे, त्यामुळे दुसऱ्या मशीनचा टायमर बसत नाही. बोर्डावरचा एकेक पार्ट तरी बाजारात मिळतो. आत्याच्या मशीनचा टायमर आज मेला तर काय करणार?

अजून एक. हल्ली शोरूममध्ये नॉब दिसला म्हणून भुलू नका. त्या नॉबच्या मागेही बोर्डच असतो, नॉब फक्त त्याला सांगतो कोणता प्रोग्राम हवा. ओळखायची खूण आत्याच्याच मशीनमध्ये आहे : मशीन चालू असताना नॉब स्वतःहून सरकत असेल तर खरा मेकॅनिकल. सरकत नसेल तर नुसता मुखवटा.

अळमी

@रापणकार, कळंक लागला तर सँडपेपर मारता येतो. बोर्डाला काय मारणार?

रापणकार

चांदीचा मुलामा असलेल्या टोकावर सँडपेपर मारणाऱ्यांमुळेच आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनचं दुकान चालतं.

पाटवाय

नव्या मेकॅनिकल डिशवॉशरबद्दल : भारतात घरगुती डिशवॉशरच्या सध्याच्या चालू मॉडेलांमध्ये खरा टायमरवाला मला कुठेच दिसला नाही. याला कारण आहे. नवं बारा सेटिंगचं मशीन इको प्रोग्रामला साधारण दहा लिटर पाण्यात भांडी काढतं. त्यासाठी पाणी किती आलं, किती तापलं, किती गढूळ आहे हे मशीनला धुता धुता कळावं लागतं. गढूळपणा मोजायला एक छोटा सेन्सर असतो, पाण्यातून प्रकाश सोडून पलीकडे किती पोचला ते बघतो. चकत्यांच्या टायमरला हे जमत नाही. भांडी तेलकट असोत की नुसते चहाचे कप, तो ठरल्याप्रमाणे तेवढंच पाणी ओतणार. आत्याच्या मशीनखाली एकदा बादली लावून बघा, डोळे पांढरे होतील.

लाईट गेल्यावर तिथूनच सुरू होण्याचं म्हणाल तर बरीच इलेक्ट्रॉनिक मशीनंही आता कुठे थांबलो ते लक्षात ठेवतात. तुमचं ठेवत होतं का?

आणि हो, युरोपात १ मार्च २०२१ पासून नियम आहे की डिशवॉशरचं मॉडेल बंद झालं तरी पुढची किमान सात वर्षं बोर्डासारखे सुटे भाग दुरुस्तीवाल्यांना मिळालेच पाहिजेत. दाराची रबरं, बिजागरं वगैरे दहा वर्षं.

अळमी

फोंडा युरोपात कधी गेलं?

पाटवाय

गेलं नाही म्हणूनच सांगतोय. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राईट टू रिपेअर पोर्टल काढलं, तिथे कंपन्यांची सुट्या भागांची आणि वॉरंटीची माहिती एकत्र असते. सक्ती तिकडच्यासारखी नाही. पण बोर्डाची किंमत सर्व्हिसवाल्याच्या तोंडून ऐकण्याआधी तिथे डोकावायला काय हरकत?

कुळागरवाली

सगळ्यांचे आभार. @पाटवाय, हो, लाईट गेली तरी आमचं मशीन पुढून सुरू व्हायचं, लक्षातच आलं नव्हतं.

अपडेट : ट्रे कोरडी ठणठणीत, फ्लोटही हलका वरखाली होतो. भावाने बोर्ड काढून मडगावला नेला. @सोल्डरगन, तुमचा अंदाज बरोबर निघाला. पंपाचा ट्रायॅक शॉर्ट. शिवाय वीज आत येते तिथली एक निळी गोल चकती तडकून काळी पडली होती, तो माणूस म्हणाला हिनेच झटका अंगावर घेतला म्हणून बाकीचं वाचलं. आणि बोर्डाच्या कोपऱ्यात मुंगळ्यांचं आख्खं गाव. दोन्ही पार्ट बदलले, बोर्ड धुऊन वर पारदर्शक लेप मारून दिला. सगळे मिळून चौदाशे. मशीन चालू आहे, काल रात्रीचं सुंगटांच्या हुमणाचं पातेलंसुद्धा लख्ख निघालं.

आता फक्त बचावाचं सांगा. स्टॅबिलायझर घेऊ?

सोल्डरगन

छान झालं. ती निळी चकती म्हणजे व्हॅरिस्टर. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की स्वतः झिजून बाकीच्यांना वाचवते. बदलून घेतलीत ते उत्तम, बरेच जण ट्रायॅक बदलतात आणि हिला विसरतात.

स्टॅबिलायझर यासाठी नको. त्याचं काम व्होल्टेज हळूहळू वरखाली होतं तेव्हाचं. त्यातला रिले, म्हणजे आपोआप हलणारा स्विच, हलायला काही मिलिसेकंद घेतो, आणि विजेचा झटका मायक्रोसेकंदांत येऊन गेलेला असतो. शिवाय डिशवॉशरचा हीटर दोन हजार वॅटच्या आसपास, त्याला पेलेल असा स्टॅबिलायझर मोठा आणि महाग.

तुम्हाला हवं आहे ते मेन डीबीमध्ये (घराच्या मुख्य स्विचच्या पेटीत) टाईप टू एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, विजेचा झटका बाहेर वळवणारं उपकरण. त्याच पेटीतले आपोआप पडणारे स्विच, एमसीबी, हे काम करत नाहीत, ते जादा करंट आणि शॉर्टसर्किटसाठी. पण एसपीडी झटका ढकलणार कुठे, तर अर्थिंगमध्ये. आणि आपल्याकडचं हे दुखणं आहे : चिऱ्याची जमीन, पावसाळ्यात ओली असते तेव्हा अर्थिंग बरं दाखवतं, पण एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी खडखडीत होते आणि मान्सूनपूर्व गडगडाट नेमका तेव्हाच. त्यामुळे अर्थिंगचा खड्डा आत्ता तपासून समाधान मानू नका, उन्हाळ्याच्या शेवटी अर्थ टेस्टर घेऊन येणाऱ्या वायरमनला बोलवा. घरात थ्री फेज असेल तर न्यूट्रलचा (विजेच्या परतीच्या तारेचा) जोड घट्ट आहे ना तेही बघून घ्या. तो सुटला तर सिंगल फेजच्या वस्तूंवर चारशेच्या जवळ व्होल्ट येऊ शकतात, त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर वेगळा मिळतो.

आणि जवळ वीज कडाडायला लागली की प्लग उपटा. याला तोड नाही.

रापणकार

मुंगळ्यांचं राहिलं. बोर्ड दुरुस्त होऊन आलाय खरा, पण ते परत येतील. मशीन भिंतीपासून थोडं पुढे ओढून मागच्या पायांभोवती मुंग्या मारायचा खडू ओढा. आमच्याकडे पालीने एकदा वॉशिंग मशीनचा बोर्ड उडवला, स्वतःही गेली.

कुळागरवाली

एसपीडीचं वायरमनला सांगितलंय, अर्थिंगसाठी एप्रिलात पुन्हा बोलावते. सासूबाईंसाठी पॅनेलवर रोजच्या प्रोग्रामच्या बटणाशेजारी नेलपॉलिशचा जाडसर ठिपका दिला, त्यांना बोटाला लागतो. आत्या मात्र म्हणते तिचं मशीन ती कुणाला देणार नाही, तेव्हा @अळमी, तुमचा पक्ष एका मताने पुढे.